नापारिमाच्या पोरी आणि आपला ठराव

पोस्ट मोठी आहे. घाईत असाल तर सेव्ह करा आणि रात्री जेवणं झाल्यावर वाचा. फक्त कमेंटमध्ये भांडायच्या आधी पूर्ण वाचा, एवढीच विनंती.

आमच्या गल्लीतला एक पोरगा त्रिनिदादला असतो. पॉइंट लिसास नावाची मोठी औद्योगिक वसाहत आहे तिकडे, तिथल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. दिवाळीला आला तेव्हा माझ्या बायकोसाठी स्वयंपाकाचं एक पुस्तक घेऊन आला. (माझ्यासाठी रमची बाटली आणेल असं वाटलं होतं. असो.) म्हणाला, "काकू, तिकडे घरात दुसरं कुठलं पुस्तक नसलं तरी हे असतं. टोरांटोला, न्यूयॉर्कला राहायला गेलेले लोकसुद्धा बॅगेत घालून नेतात."

पुस्तक चाळलं. धालपुरी, बैंगन चोखा, आंब्याचा कुचेला, पेलाऊ, कॅलालू, ख्रिसमसचा काळा केक, सगळं एकाच पुस्तकात. भारतीय, आफ्रिकी, चिनी, युरोपी. धालपुरी म्हणजे काय, तर पुरणपोळीच, पण पुरण तिखटमिठाचं, जिरं-हळद घातलेलं. पराठ्याला तिकडे 'बस-अप-शट' म्हणतात, म्हणजे फाटका शर्ट, कारण तव्यावरच तो मोडून-कुस्करून त्याच्या चिंध्या करतात. हे सगळं वाचून गंमत वाटली. मग मुखपृष्ठ नीट बघितलं आणि गप्प झालो. हे पुस्तक कुठल्या प्रकाशकाचं नाही, कुठल्या शेफचं नाही. एका मुलींच्या हायस्कूलचं आहे. नापारिमा गर्ल्स हायस्कूल, सॅन फर्नांडो. शाळेला १९८७ साली पंचाहत्तर वर्षं झाली, त्या निमित्तानं काढलेलं.

योगायोग असा की त्याच आठवड्यात आपल्या गावातल्या संस्थेच्या सभेत ठराव झाला की कन्या विद्यालय आणि मुख्य विद्यालय एकत्र करायचं. कारण तुम्हाला माहीत आहे. पटसंख्या घसरली, संचमान्यतेत शिक्षक अतिरिक्त ठरतायत, एका इमारतीचा खर्च वाचेल. बातमी मीच दिली होती. बातमीखाली दोन दिवस जी हाणामारी झाली तीही तुम्ही वाचली असेल. एक गट म्हणतो, "मुलींना वेगळं ठेवणं हा जुनाटपणा." दुसरा म्हणतो, "कन्याशाळा बंद म्हणजे वाड्यावस्त्यांवरच्या पोरींचं शिक्षण बंद." मला दोन्हीकडून फोन आले. मी कोणाच्या बाजूनं आहे असं विचारलं. त्या वेळी मी उत्तर टाळलं, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग महिनाभर मी या दूरच्या शाळेबद्दल वाचत बसलो. आज लिहितोय ते त्यातून.

त्रिनिदाद म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं. १९७१ साली गावसकर पहिली कसोटी खेळला ती पोर्ट ऑफ स्पेनला, ६५ आणि नाबाद ६७. त्याच मैदानावर मालिकेतल्या शेवटच्या कसोटीत १२४ आणि २२०. माझे वडील ते सगळं तोंडपाठ सांगायचे. आताच्या पोरांना मुंबई इंडियन्सचा पोलार्ड माहीत आहे, तोही तिकडचाच. पण त्या बेटावर एक तृतीयांशाहून जास्त लोकांचे पूर्वज भारतातले का, हे आपल्याला शाळेत कोणी शिकवलं नाही. थोडक्यात सांगतो. ब्रिटिशांनी गुलामगिरी बंद केली, उसाच्या मळ्यांवर मजूर मिळेना, मग भारतातून पाच वर्षांच्या करारावर माणसं नेली. फतेल रझाक नावाचं पहिलं जहाज ३० मे १८४५ ला पोचलं, त्यात सव्वादोनशेच्या आसपास माणसं होती. १९१७ पर्यंत हे चालू राहिलं आणि एक लाख चाळीस हजारांहून जास्त लोक गेले. बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले, कलकत्ता बंदरातून, थोडे मद्रासहून. आपले लोक यात जवळपास नाहीत. कोकणातले गेले ते मॉरिशसला. तेव्हा उगाच 'आपली मराठी माणसं कॅरिबियनात' असला मथळा मी देणार नाही. तसले मथळे फॉरवर्ड करणारे ग्रुपवर भरपूर आहेत.

नेताना सरकारी नियम होता, शंभर पुरुषांमागे चाळीस बायका. म्हणजे हिशेब आधीच लंगडा. मळ्यावर बायका कमी, त्यामुळे पोरींची लग्नं लवकर, त्यावरून मारामाऱ्या, खूनसुद्धा. अशा वस्तीत पोरीला शाळेत घालणार कोण? मुलाला तरी कोण घालत होतं! सरकारी शाळा होत्या, पण भाषा इंग्रजी, वर्गात आफ्रिकी वंशाची मुलं, आणि दोन्ही समाजांत मळेवाल्यांनी पेरलेला अविश्वास. शिवाय पोर शाळेत गेलं की गवत काढायला हात कमी.

या ठिकाणी १८६८ साली जॉन मॉर्टन नावाचा प्रेस्बिटेरियन मिशनरी कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाहून येतो. त्याला सगळ्यात आधी कळलं ते हे की या लोकांशी त्यांच्या भाषेत बोललं पाहिजे. तो हिंदी शिकला. मळ्यांच्या आजूबाजूला छोट्या छोट्या शाळा काढल्या. पैसा थोडा मिशनचा, थोडा सरकारचा आणि थोडा चक्क मळेवाल्यांचा, कारण शिकलेला मजूर शांत राहील असा त्यांचा हिशेब. सनी रामाधीन, ज्यानं १९५० साली लॉर्ड्सवर इंग्रजांना गुंडाळलं, तो क्रिकेट शिकला तेही अशाच एका कॅनेडियन मिशन शाळेच्या पटांगणावर.

मुलींचं काम बघितलं मॉर्टनच्या बायकोनं, सारा मॉर्टननं. टुनापुना गावात तिनं मुलींसाठी एक वसतिगृह चालवलं. आता इथं थांबा, कारण मिशनवाल्यांचे भक्त आणि मिशनवाल्यांचे शत्रू, दोघंही इथं अर्धंच सांगतात. त्या वसतिगृहाचा हेतू पोरींना डॉक्टर-वकील करायचा नव्हता. मिशनच्या शाळांवर जे ख्रिस्ती झालेले भारतीय मास्तर आणि प्रचारक होते, त्यांना 'योग्य' बायका मिळाव्यात हा हेतू होता. शिवण, स्वयंपाक, स्वच्छता, बायबल वाचण्यापुरती हिंदी. पोरगी तयार झाली की तिचं लग्न लावून द्यायचे, पुढची पोरगी आत. लपवाछपवी नव्हती, हे काम अभिमानानं सांगितलं जायचं. दुसरी गोष्ट धर्माची. मिशनच्या शाळेत मास्तरकी पाहिजे तर ख्रिस्ती व्हावं लागे. त्यामुळे पोटासाठी नाव बदललेली कितीतरी घरं त्या बेटावर आहेत. हा शिक्षणाचा सौदा होता आणि त्याची किंमत गरिबानं दिली.

पण किंमत दिली म्हणून मिळालेलं खोटं ठरत नाही. आपल्याकडेसुद्धा नगरला सिंथिया फरार बाईंची मिशनची मुलींची शाळा होती आणि ती पाहून जोतीरावांच्या डोक्यात चक्र सुरू झालं. मिशनचा हेतू एक होता, जोतीरावांनी त्यातून केलं भलतंच. शाळा ही अशी वस्तू आहे की काढणाऱ्याच्या हातात फार काळ राहत नाही.

नापारिमा गर्ल्सचं तेच झालं. १९१२ साली शाळा निघाली. मुलांचं नापारिमा कॉलेज त्याच्या आधी, १८९४ चं. म्हणजे भावाला अठरा वर्षं आधी दार उघडलं, बहिणीला नंतर. हे काय आपल्याला नवीन नाही.

याच काळातली एक बाई आहे, अ‍ॅना महासे. जन्म १८९९. त्रिनिदादमधली भारतीय वंशाची पहिली प्रशिक्षित शिक्षिका म्हणून तिचं नाव घेतात. तिचं आत्मचरित्र आहे, 'माय मदर्स डॉटर', ती गेल्यानंतर १९९२ साली छापलं गेलं. नावातच सगळं आलं, 'माझ्या आईची मुलगी'. कारण तिची आई लहानपणीच भारतातून एकटी निघून आली होती, ठरवलेलं लग्न नको म्हणून. कुठल्या तरी गावातली एक पोर मांडव टाळते, समुद्र ओलांडते, तिची मुलगी मास्तरीण होते. आणि त्या मास्तरणीची मुलगी, तिचंही नाव अ‍ॅनाच, पुढे सेंट ऑगस्टीन गर्ल्स हायस्कूलची मुख्याध्यापिका होते. ही शाळा प्रेस्बिटेरियन लोकांनी १९५० साली काढली, आज देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या शाळांपैकी एक आहे. तीन पिढ्या. मध्ये कोणी क्रांती-बिंती केली नाही. प्रत्येक पिढीला एक दार मिळालं, एवढंच.

याच मिशनच्या वळणात वाढलेली स्टेला अबिध टोरांटोला जाऊन डॉक्टर झाली, त्रिनिदादमधल्या भारतीय वंशाच्या अगदी पहिल्या महिला डॉक्टरांपैकी एक. सार्वजनिक आरोग्यात काम केलं. मास्तरांना बायका पुरवायला सुरू झालेल्या यंत्रणेतून डॉक्टर निघाली, म्हणजे यंत्रणा 'बिघडली' म्हणायची. असंच बिघडत राहो.

आणि आता ते पुस्तक परत बघा. ज्या परंपरेत मुलींना आदर्श गृहिणी करायला स्वयंपाक शिकवत होते, त्याच परंपरेतल्या शाळेनं पाऊण शतकानंतर स्वयंपाकाचं पुस्तक काढलं. पण आता ते घरोघरी विकत घेतलं जातं, देशाच्या स्वयंपाकघराचं प्रमाण पुस्तक झालंय आणि शाळेचं नाव अटलांटिकच्या पलीकडे नेतंय. आजीच्या हाताची चव म्हणून जी गोष्ट फुकट धरली जायची, ती मापात लिहून काढली. एक कप, दोन चमचे, इतकी मिनिटं. मला हे फार आवडलं. आपल्याकडे बायका 'अंदाजानं' म्हणतात आणि तो अंदाज त्यांच्याबरोबरच जातो.

आता मुद्द्याचं. हे सगळं ऐकून 'बघा, कन्याशाळा किती भारी' असं म्हणायला निघालेल्यांनी जरा थांबावं.

डिसेंबर १९६० मध्ये तिकडच्या सरकारनं, म्हणजे डॉ. एरिक विल्यम्स यांच्या सरकारनं, धर्मसंस्थांबरोबर एक करार केला. त्याला 'कॉन्कॉर्डॅट' म्हणतात. देश १९६२ साली स्वतंत्र व्हायचा होता, माध्यमिक शिक्षण फुकट करायचं होतं, आणि चांगल्या शाळा तर बहुतेक चर्चच्या हातात. मग तडजोड झाली. शिक्षकांचे पगार सरकार देणार. इमारत, जमीन, व्यवस्थापन संस्थेकडे. प्रवेश सरकारी परीक्षेच्या गुणांवर, पण पहिल्या वर्गातल्या वीस टक्के जागा मुख्याध्यापक आपल्या मर्जीनं भरू शकतील.

ओळखीचं वाटलं ना? पगार शासनाचा, शाळा संस्थेची. आपण याला खासगी अनुदानित म्हणतो. फरक एवढाच की त्यांनी मर्जीचा आकडा कागदावर लिहिला, आपण तो टेबलाखाली ठेवतो.

हे वीस टक्के म्हणजे तिकडची दरवर्षीची डोकेदुखी. पाचवीच्या शेवटी, अकरा-बारा वर्षांच्या पोरांना एसईए नावाची एकच परीक्षा. त्यात किती गुण यावर कुठली शाळा ते ठरतं. फॉर्मवर आई-बाप पसंतीच्या शाळा लिहितात, आणि मुलीच्या फॉर्मवर सॅन फर्नांडो भागात नापारिमा, पूर्वेकडे सेंट ऑगस्टीन, राजधानीत सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट किंवा बिशप अ‍ॅन्स्टी. बिशप अ‍ॅन्स्टी १९२१ ची, देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष पॉला-मे वीक्स याच शाळेतल्या. नाव लागलं की पेढे, नाही लागलं की घरात सुतक. चौथीपासून शिकवण्या. निकाल लागला की पेपरात पहिल्या आलेल्यांचे फोटो. आपल्या नवोदय-स्कॉलरशिपची आठवण येते, पण इथं ती परीक्षा सगळ्यांनाच द्यावी लागते. आणि मग कुणाच्या तरी मुलीला दोन गुणांनी प्रवेश हुकतो आणि शेजारची कमी गुणांवर 'यादीतून' आत जाते. संस्थेचे लोक म्हणतात, शाळेचं वळण टिकवायला हे लागतं. बाहेरचे म्हणतात, हा सरकारी पैशावरचा वशिला आहे. मला दोघांचंही म्हणणं कळतं, पण पगार जर सगळ्यांच्या करातून जात असेल तर यादी भिंतीवर लागली पाहिजे, असं माझं मत आहे. तिकडेही आणि इकडेही.

दुसरा काटा धर्माचा. चर्चच्या शाळा आहेत म्हटल्यावर हिंदूंनीही शाळा काढल्या. सनातन धर्म महासभेनं, भदासे सागन महाराज यांच्या काळात, पन्नासच्या दशकात धडाधड शाळा उभ्या केल्या. लोकांनी 'गोठे' म्हणून हिणवलं त्या इमारतींना. पण पोरं त्या गोठ्यात आपलं नाव न बदलता शिकली. पुढे साठच्या दशकात लक्ष्मी गर्ल्स हिंदू कॉलेज आलं, तेही आज वरच्या रांगेत आहे. मुस्लिमांच्याही मुलींच्या शाळा आहेत. छानच झालं. पण नव्वदच्या दशकात पोर्ट ऑफ स्पेनच्या एका कॅथलिक कॉन्व्हेंटनं हिजाब घातलेल्या मुलीला वर्गात घेतलं नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि कोर्टानं मुलीच्या बाजूनं निकाल दिला. २०१८ साली लक्ष्मी गर्ल्समध्ये एका शिकाऊ शिक्षिकेच्या हिजाबवरून पुन्हा देशभर वाद. एकदा कॅथलिक, एकदा हिंदू. म्हणजे प्रश्न कुठल्या एका धर्माचा नाही. आपल्या माणसांसाठी दार उघडणारा दुसऱ्याच्या माणसासाठी तेच दार लोटून घेतो, तेव्हा तो संस्थाचालक असतो, बाकी काही नसतो. मुलगी कोणाचीही असो, तिच्या डोक्यावर काय आहे याची चर्चा तिच्या डोक्यात काय जातंय यापेक्षा जास्त होते. हे तिकडेही आहे हे वाचून बरं वाटलं नाही.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली ते. मुली वेगळ्या शिकल्या की जास्त शिकतात का?

त्रिनिदाद या प्रश्नासाठी जगात प्रसिद्ध आहे, कारण तिथं प्रवेश परीक्षेच्या नियमानं होतो. त्यामुळे एकाच गुणांची एक मुलगी कन्याशाळेत गेली, दुसरी मिश्र शाळेत, त्यांची तुलना करता येते. किराबो जॅक्सन नावाच्या अर्थतज्ज्ञानं ही तुलना केली. २०१२ साली छापलेल्या त्याच्या अभ्यासात असं निघालं की बहुतेक विद्यार्थ्यांना वेगळ्या शाळेनं काही फरक पडत नाही. फायदा होतो तो ज्यांची अशा शाळेची तीव्र इच्छा असते त्यांना, त्यातही मुलींना. आणि एक कडू गोष्ट, मुलींच्या शाळांतल्या मुली सरासरीनं विज्ञानाचे विषय कमी घेतात. नापारिमा-सेंट ऑगस्टीनच्या मुली सरकारी शिष्यवृत्त्यांच्या यादीत दरवर्षी झळकतात हे खरं, पण ती अव्वल शाळांची गोष्ट झाली. सगळ्या शाळा धरल्या की चित्र वेगळं दिसतं. म्हणजे नामवंत कन्याशाळेचं यश हे बरंचसं आधीच हुशार पोरी वेचून घेतल्याचं यश असतं. आपल्या तालुक्यातल्या 'शंभर टक्के निकाल' वाल्यांनी हे दोनदा वाचावं.

पण गोष्ट इथं संपत नाही. २०१० साली तिकडच्या सरकारनं एक प्रयोग केला. मागं पडलेल्या, कोणाची पहिली पसंती नसलेल्या वीस मिश्र शाळा घेतल्या आणि नव्या पहिल्या वर्गापासून एक तर फक्त मुलांच्या नाहीतर फक्त मुलींच्या केल्या. तीच इमारत, तेच शिक्षक, खर्च जवळपास शून्य. त्याच जॅक्सननं नंतर मोजलं. मुलं आणि मुली, दोघांचेही गुण वाढले. काही वर्षांनी बघितलं तर त्या मुलांमध्ये अटक होण्याचं प्रमाण कमी झालेलं आणि मुलींमध्ये कोवळ्या वयात आई होण्याचं प्रमाण कमी झालेलं.

हे वाचल्यावर मी पुस्तक बाजूला ठेवून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. कारण उत्तर माझ्या ओळखीचं होतं.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, सातवी झाली तेव्हा गावात पुढे शाळा नव्हती. सहा किलोमीटरवर हायस्कूल, मुलामुलींचं एकत्र. वडिलांना क्रिकेट कळायचं, हे नाही कळलं. तिला घरी बसवलं. दोन वर्षांनी तालुक्याला कन्याशाळेची एसटी सुरू झाली तेव्हा शेजारच्या चार पोरी गेल्या, पण तोपर्यंत आक्काचं ठरलं होतं. ती हुशार होती, माझ्या गणिताच्या वह्या तीच तपासायची. तिच्याबद्दल मी घरात कधी बोललो नाही, इथं लिहितोय. वडील आता नाहीत म्हणून धीर होतोय, असं म्हणा.

तेव्हा 'कन्याशाळा जुनाट' म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की तुमच्या मुली सीबीएसईच्या बसमधून जातात. ज्या घरात 'शाळा मुलींची आहे ना?' हा पहिला प्रश्न असतो, त्या घरातल्या मुलीसाठी पाटीवरचा 'कन्या' हा शब्द म्हणजेच तिचं दप्तर. तो प्रश्न चुकीचा आहे हे मलाही कळतं. पण बाप सुधारेपर्यंत पोरगी पंधराची होते.

आणि 'कन्याशाळा वाचवा' म्हणून फलक धरणाऱ्यांनाही विचारायचं आहे. आपल्या या कन्या विद्यालयात विज्ञानाची प्रयोगशाळा कुलूपबंद किती वर्षं आहे? गणिताच्या बाई निवृत्त झाल्यावर तासिका तत्त्वावर कोण येतं, आणि येतं का? शिवणयंत्रं आठ आहेत, सूक्ष्मदर्शक किती आहेत? कन्या विद्यालयाचं गॅदरिंग आपण सगळे बघतो, छान होतं. पण पोरींना रांगोळी आणि नऊवारीत उभं करून आपण सारा मॉर्टनच्या वसतिगृहापेक्षा किती पुढं गेलो, हे एकदा स्वतःला विचारा. नापारिमानं स्वयंपाकाचं पुस्तक काढलं खरं, पण नुसता स्वयंपाक शिकवला नाही.

माझी बाजू विचारलीत म्हणून सांगतो. आज आहे तशी एकत्र करायला माझा विरोध आहे. संस्थेनं आधी वस्त्यांवर जाऊन विचारावं की शाळा एक झाली तर किती घरं मुलींना पाठवणार नाहीत. हे कागदावर आणावं, नावं जाहीर न करता. ज्या पोरींना कन्याशाळाच पाहिजे त्यांचा आकडा कळल्याशिवाय ठराव म्हणजे फक्त अतिरिक्त शिक्षकांचं गणित आहे. आणि एकत्र करायचीच झाली तर मुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहं, एसटीची वेळ आणि विज्ञान-गणिताच्या जागा आधी, उद्घाटनाची फीत नंतर. उलट कन्याशाळा ठेवायची ठरली तर प्रयोगशाळेचं कुलूप उघडून ठेवा, आणि प्रवेशाची यादी बोर्डावर लावा. यात पक्ष नाही, पॅनेल नाही. दोन्ही पॅनेलचे लोक माझ्या चहाचे पैसे देत नाहीत, काळजी नसावी.

कोणी म्हणेल, त्रिनिदादचं इकडे कशाला? तिकडची लोकसंख्या चौदा लाख, आपल्या एखाद्या छोट्या जिल्ह्याएवढी. त्यांनी वीस शाळांवर प्रयोग केला आणि काय झालं ते मोजू दिलं. आपल्याकडे शाळा एकत्र होतात, बंद होतात, आणि त्या पोरी पुढे कुठे गेल्या हे कोणी विचारत नाही. यू-डायसवर पट दिसतो, पटावरून गळालेली पोरगी दिसत नाही.

येत्या शनिवारी सकाळी अकराला कन्या विद्यालयाच्या हॉलमध्ये पालकसभा आहे. आईवर्गानं यावं, बाप आले नाहीत तरी चालेल. मी पत्रकार म्हणून मागच्या बाकावर असणार आहे. वर लिहिलेले प्रश्न मी संस्थेच्या कार्यालयात लेखी दिले आहेत. क्लार्कनं आधी घ्यायला का-कू केलं, मग घेतले. आवक क्रमांक टाकून पोच मिळाली आहे, ती माझ्याकडे आहे. ज्यांना बघायची त्यांनी संध्याकाळी सहानंतर स्टँडसमोरच्या टपरीवर यावं.